प्रथिनांच्या पावडरीचा डबा : गरज की मोह?

व्यायामशाळेत नाव नोंदवताच प्रथिनांच्या पावडरीचा डबा घ्यायलाच हवा, असा समज तरुणांत रुजला आहे. हौशी व्यायाम करणाऱ्यांना मात्र त्याची सहसा गरज नसते. निरोगी प्रौढास दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्यांची गरज थोडी वाढते. पण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. बांगडा, डाळ, अळसांदे यांतून उरलेली भर सहज पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत अशी पूरके टाळण्याचा सल्ला देताना त्यांतील वरून घातलेल्या साखरेकडे लक्ष वेधले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डबा उघडूच नये.