राष्ट्रीय समर स्मारकात आपल्या माणसाचे नाव कसे शोधावे?

आपल्या घरातील जवान स्वातंत्र्यानंतरच्या एखाद्या युद्धात किंवा लष्करी मोहिमेत हुतात्मा झाला असेल, तर त्याचे नाव नवी दिल्लीत इंडिया गेटजवळील राष्ट्रीय समर स्मारकात शोधता येते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हे स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. येथील ‘त्याग चक्रा’च्या भिंतींत प्रत्येक जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी वीट आहे. अशी नावे पंचवीस हजारांहून अधिक आहेत, त्यामुळे एकेक वीट वाचत बसू नका. आवारातील डिजिटल पडद्यावर नाव शोधल्यास जागा कळते. एकाच नावाचे अनेक जवान असतात. हुद्दा आणि पलटण कागदावर लिहून न्या. प्रवेश विनामूल्य आहे.

सेवेत असताना आजाराने मृत्यू झाला असल्यास नाव येथे सहसा मिळत नाही. घरच्यांना हे लागते, पण त्याचा कुटुंब निवृत्तिवेतनाशी काहीही संबंध नाही. भिंतीवर नाव घालून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

रोज संध्याकाळी येथे एका हुतात्म्याचे कुटुंबीय पुष्पचक्र वाहतात. त्याची चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. काही राज्यांत त्यालाच जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात.