अंगणातून दिसणारे उपग्रह

२ एप्रिल २०२२ रोजी दिवेलागणीनंतर विदर्भ व उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे सरकताना असंख्य लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. गावोगाव भीती व तर्कवितर्क पसरले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे मत तज्ज्ञांनी व्यक्त केले.

असे प्रसंग विरळच. एरवी आकाशात संथपणे सरकणारा ठिपका हा बहुधा कृत्रिम उपग्रह असतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला उपग्रह स्पुटनिक सोडला. तेव्हापासून त्यांची संख्या वाढत गेली असून त्यांपैकी अनेक नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

उपग्रह चंद्राप्रमाणेच सूर्यप्रकाशाने उजळतो. अंगणात काळोख झाला, तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असते. म्हणूनच सूर्यास्तानंतरचे व सूर्योदयापूर्वीचे एक-दोन तास निरीक्षणास उत्तम होत. पुष्कळदा ठिपका भर आकाशात एकाएकी दिसेनासा होतो. त्या वेळी तो पृथ्वीच्या छायेत शिरलेला असतो.

यांत सर्वांत तेजस्वी आहे ते आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक. १९९८ पासून त्याची टप्प्याटप्प्याने उभारणी झाली. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. २०२५ मध्ये भारताचे शुभांशू शुक्ला यांनी तेथे वास्तव्य केले. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे हे स्थानक चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडते.

ओळख पटविणे अवघड नाही. विमानाचे दिवे लुकलुकतात. उल्का क्षणार्धात विझते. उपग्रहाची गती मात्र एकसारखी असते. एका रांगेत जाणारे अनेक ठिपके म्हणजे बहुधा एकत्र सोडलेले स्टारलिंकसारखे दळणवळण उपग्रह होत. पेट घेऊन, तुकडे होत, मागे शेपटी सोडीत जाते ती वातावरणात शिरलेली अवशिष्ट वस्तू.

अशी वस्तू गावात पडल्यास तिला कोणीही हात लावू नये. पोलीस पाटील किंवा तहसीलदार यांना तत्काळ कळवावे. शिक्षकांनी सायंकाळी विद्यार्थ्यांना एकदा हे आकाशदर्शन घडविल्यास, पुढे आकाशात काही चमकले तरी गावात अफवेला थारा मिळणार नाही.