'कोठारी' : एका आडनावाची कुळकथा

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक बंधूंचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मी नम्रपणे नकारच दिला. मी पडलो धान्याचा ठोक व्यापारी; शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; लेखणीचा संबंध रोजमेळ आणि खतावणी यांपुरताच. परंतु गेल्या वर्षी घरी एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यातून जो विषय हाती लागला तो आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

माझ्या मामेभावाचा नातू शिक्षणासाठी आमच्याकडे बेज्जूरला राहावयास आला. आडनाव कोठारी. शाळेत नाव घातले, आणि हजेरीपटावर त्याच्या नावाआधी नुसते 'के.' असे अक्षर आले. मुलगा हिरमुसला होऊन घरी आला व म्हणाला, "आजोबा, माझे आडनाव कोठे गेले?"

यात शाळेचा दोष काहीच नाही. आमचे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. प्राणहितेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा. तेलुगू रिवाजाप्रमाणे घराण्याचे नाव, ज्याला तिकडे 'इंटिपेरु' म्हणतात, ते आधी येते आणि बहुधा आद्याक्षराने लिहिले जाते. आपल्याकडे आडनाव शेवटी व पूर्ण. नदी ओलांडली की नावाचे शेपूट डोके बनते, एवढाच फरक! हे मी त्यास समजावून दिले. त्यावर त्याने दुसरा प्रश्न टाकला, "पण कोठारी म्हणजे काय?" दारात आमची मारुती गाडी उभी होती. तिच्या पाठीवरील अक्षरे वाचून तिसराही प्रश्न आला, "आणि सुझुकी हेही आडनावच का?" या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझे काही महिने गेले.

संस्कृतात 'कोष्ठ' म्हणजे आतली बंदिस्त जागा. पोटासही कोष्ठच म्हणतात. वैद्य 'कोठा साफ आहे ना?' असे विचारतात तो कोठा हाच. धान्य साठविण्याचे घर ते 'कोष्ठागार'. प्राकृतात 'कोट्ठागार', आणि पुढे झिजून 'कोठार'. आपल्या आगमग्रंथांत राजाच्या वैभवाचे वर्णन येते तेथे कोशाबरोबर या कोट्ठागाराचाही उल्लेख असतो. त्या घरावर नेमलेला अधिकारी तो कोष्ठागारिक, म्हणजेच कोठारी.

हा हुद्दा किती जुना असावा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. साठ्यातील निम्मा भाग जनपदावरील संकटासाठी राखून ठेवावा, निम्माच वापरावा, आणि जुने धान्य काढून त्या जागी नवे भरीत जावे, असा दंडक त्यात घातला आहे. जुना माल आधी काढण्याचा नियम आम्ही वखारीत हमालांना रोज सांगतो. तो इतका प्राचीन असेल याची मला कल्पनाही नव्हती. गोरखपूर जिल्ह्यात सोहगौरा येथे १८९३ साली ब्राह्मी लिपीतील एक ताम्रपट सापडला. त्यात अडचणीच्या वेळी उपयोगात आणावयाच्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. आज बांगलादेशात असलेल्या महास्थान येथे १९३१ साली एक शिलालेख मिळाला. त्यात तर दुर्दिनी दिलेले धान्य सुदिन येताच कोठारात परत भरावे अशी आज्ञा आहे. धान्याची उधारी आणि वसुली यांचा इतका जुना लेखी पुरावा पाहून व्यापाऱ्याचे मन प्रसन्न न झाले तरच नवल!

या सर्वांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोठारी हा कोठाराचा धनी नव्हे. धान्य राजाचे, गावाचे किंवा देवस्थानाचे. कोठाऱ्याकडे फक्त माप आणि किल्ली. गुजरातेत स्वामिनारायण मंदिरांत भांडाराची व्यवस्था पाहणाऱ्या साधूस आजही कोठारी म्हणतात, तो याच अर्थाने.

हा अर्थ मी पुस्तकात वाचला तो आता. शिकलो मात्र १९८० च्या सुमारास, आणि तोही लाज वाटेल अशा रीतीने. माझे आजोळ कोठाऱ्यांचे. धंदा मी मामांच्या दुकानी शिकलो. त्या काळी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी बियाण्याचे धान्य मामांकडे ठेवीदाखल आणून ठेवीत. कागद नाही, पावती नाही. मामा ते वेगळ्या कणगीत भरीत. किडे होऊन हिंसा घडू नये म्हणून आधी कडक ऊन देत, मग राख व कडुलिंबाचा वाळला पाला मिसळीत. एका वर्षी वैशाखात ज्वारीचा भाव चढला. मामा परगावी होते. एका कणगीतली दोन पोती ज्वारी मी विकून टाकली. मनात हिशेब असा की मृगापूर्वी तेवढीच दुसरी भरून ठेवू, मधला नफा दुकानाचा. मृगाला शेतकरी आला. मी त्याच्यापुढे दोन पोती ठेवली. त्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर घातली, आणि काही न बोलता ते पोत्यात परत सोडले. मग म्हणाला, "शेठ, ही आमची नाही."

मामांनी मला रागे भरले नाही. एवढेच म्हणाले, "अरे, दाणा त्याचा होता. तुझ्यापाशी नुसती किल्ली होती." पुढे चार दिवस मी पायी खेडी हिंडलो. त्याच्या एका सोयऱ्याकडे त्या वाणाची दीड पोती मिळाली. ती तिप्पट भावाने घेतली आणि पैसे माझ्या पगारातून वळते झाले. अर्धे पोते शेवटपर्यंत उणेच राहिले.

असो. आडनाव हुद्द्यावरून पडल्यामुळे सर्व कोठारी एका मूळ पुरुषाचे वंशज नव्हेत. राजस्थान व गुजरातच्या निरनिराळ्या राज्यांत ज्यांनी ज्यांनी कोठार सांभाळले, त्या त्या कुळास हे नाव चिकटले. म्हणून ते ओसवालांत आढळते तसे माहेश्वरी समाजातही आढळते. व्यापारानिमित्त ही मंडळी महाराष्ट्रात, वऱ्हाडात व आमच्या तेलंगणापर्यंत पसरली आणि नावही पसरले. १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष असलेले शास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरचे. भंडारी हे नाव याच जातीचे. दोशी या नावाने मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. त्याचा दोषाशी काही संबंध नाही. 'दूष्य' म्हणजे वस्त्र, ते विकणारा तो दौष्यिक, म्हणजे दोशी. मराठ्यांच्या राज्यात कोठीवरील कामगारावरून कोठावळे हे आडनाव झाले. आणि गंमत अशी की, तेलुगूत धान्याच्या कोठारास 'गादे' म्हणतात व 'गादे' असे इंटिपेरुही आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर एकच नाव, भाषा निराळ्या.

आता सुझुकी. हे खरोखरच आडनाव आहे आणि जपानात ते सातोच्या खालोखाल सर्वांत अधिक आढळते. सुमारे १८ लक्ष लोक ते लावतात. तेथेही, तेलुगूप्रमाणेच, आडनाव आधी. त्याची अक्षरे वाचली तर अर्थ होतो 'घंटा' आणि 'झाड'. परंतु ती अक्षरे केवळ उच्चारासाठी घेतलेली आहेत. मूळ, बहुतेक जाणकारांच्या मते, दक्षिणेकडील कुमानो या तीर्थक्षेत्राच्या प्रदेशात आहे. तेथे कापलेल्या भाताच्या रचलेल्या गंजीस 'सुसुकी' म्हणत व तीत देवतेचा वास मानीत. कुमानोच्या उपासकांनी देशभर हिंडून उपासनेबरोबर हे नावही नेले. तेथील सामान्य जनांस पूर्वी उघडपणे आडनाव लावण्याची मुभा नव्हती. ती १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे झाले. तेव्हा अनेकांनी ओळखीचे व प्रतिष्ठेचे नाव म्हणून सुझुकीच पत्करले असावे. जपानच्या अर्थखात्याचे नावही २००१ पर्यंत 'ओकुराशो', म्हणजे मोठ्या कोठाराचे खाते, असेच होते.

हे सर्व मी त्या मुलास सांगितले. भाताच्या गंजीवर त्याचा विश्वास बसेना. त्याने दोनदा बाहेर जाऊन गाडी न्याहाळली. दुसऱ्या दिवशी वहीच्या वेष्टनावर त्याने आपले नाव तेलुगू रिवाजाने, आडनाव आधी, परंतु 'कोठारी' ही तिन्ही अक्षरे पूर्ण लिहून काढले, आणि शाई वाळण्यासाठी वही खिडकीत ठेवली.