नाव पुसलेला कंडेन्सर

मागच्या वेळी आपण प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा विचार केला. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, याचा घरात काही उपयोग? म्हणून आज आमचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर उघडू. त्यातले तीन कंडेन्सर गेले होते. (पुस्तकात धारित्र म्हणतात, बाजारात कंडेन्सर मागितला तरच मिळतो.) एक जळका, एक फुगलेला, एक तडकलेला, आणि एकाही अंगावरची अक्षरं वाचता येत नव्हती. हात घालण्याआधी प्लग काढायचा आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रेझिस्टरमधून उतरवायची, हे गृहीत धरू.

पहिला सोपा. तो डाव्या चॅनेलचा होता, आणि उजवा चॅनेल हुबेहूब तसाच असतो. त्या जागी शोधलं तर जोडीदार सापडला, त्यावर 104. म्हणजे 10 वर चार शून्यं, इतके पिकोफॅरॅड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरॅड. नैयायिक याला उपमान म्हणतात. गवा गाईसारखा असतो, हे ऐकून रानात गेलेला माणूस गवा ओळखतो तसं. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं हा गवा शिकवला, भेटला मात्र असा.

दुसरा, फुगलेला, ट्रान्सफॉर्मर आणि डायोडनंतरचा. त्याला जोडीदार नव्हता. इथे अनुमान. ट्रान्सफॉर्मरवर 18 व्होल्ट लिहिलेलं. एसीचं शिखर त्याच्या 1.414 पट, म्हणजे सुमारे 25. डायोडमध्ये दीडेक व्होल्ट जातात, पण घरातली वीज चढते तेव्हा आकडा पुन्हा वर जातो. तेव्हा 25 व्होल्टचा कंडेन्सर काठावर बसतो. 35 चा घ्यायचा. क्षमता? एक अँपिअर ओढला तर 4700 मायक्रोफॅरॅडवर दोन लाटांमधल्या 10 मिलिसेकंदांत व्होल्टेज जास्तीत जास्त दोन व्होल्ट उतरतं, 2200 वर साडेचार. म्हणजे इथे आकडा थोडा चुकला तर गुणगुण वाढेल, एवढंच. बाकी पट्टी ऋण बाजूची, ती उलटी लावायची नाही.

आता तिसरा. खरं तर याच्यासाठीच आज पेटी उघडली. निळी चकती, तडकलेली. एक पाय 230 व्होल्टच्या फेजला, दुसरा धातूच्या पेटीला. न्यूट्रलकडे तशीच एक शाबूत, त्यावर 472, म्हणजे 4700 पिकोफॅरॅड. उपमानानं उत्तर मिळालं, असं आम्हालाही वाटलं. घरात 472 ची एक साधी चकती होती, 1000 व्होल्टची. 230 च्या एसीचं शिखर 325. मग 1000 म्हणजे भरपूरच की! मीटरवरही दोन्ही सारख्याच.

पण जुनीवर भिंगाखाली आणखी एक खूण होती: वाय 2. या जातीचे कंडेन्सर बिघडले तरी शॉर्ट होऊ नयेत, अशा बेतानं बनवतात. 5000 व्होल्टचे झटके देऊन त्यांची चाचणी होते. साध्या चकतीला असलं काही बंधन नसतं. ती शॉर्ट झाली आणि घरातलं अर्थिंग नावापुरतं असलं, तर सगळी पेटी 230 व्होल्टची. त्या पेटीवर कोण हात ठेवील, हे मीटर सांगत नाही.

आणि क्षमताही बदलता येत नाही. 472 मधून पेटीकडे साधारण एक तृतीयांश मिलिअँपिअर झिरपते. बोटाला मुंग्या येतील, बस्स. डाव्या चॅनेलचा निरुपद्रवी 104 तिथे बसवला तर सात मिलिअँपिअर होतात. सात म्हणजे जोराचा झटका. वस्तू तीच, जागा बदलली.

म्हणून आमचा क्रम उलटा झाला आहे. किंमत किती, हे नंतर. आधी विचारतो, हा बिघडला तर काय होईल? गुणगुण झाली तर अदमास चालतो. माणसाला झटका बसणार असेल तर अदमासाला जागा नाही, तिथे शब्दप्रमाण पाहिजे: वस्तूवर छापलेला शब्द.

दुकानात आम्ही वाय 2 मागितला. काउंटरवरच्या मुलानं साधी चकती पुढे केली, म्हणाला, "सेमच आहे, काका." भिंगाखाली पाहिलं, खूण नव्हती. दुसऱ्या दुकानात गेलो. तिथेही नव्हता. तो मिळेपर्यंत महिनाभर अँप्लिफायर प्लग काढून कपाटावर होता; सुट्टीत नातवंडं घरी होती.