कासव झोपलंय की आजारी पडलंय? आधी टाकीचं पाणी बघा

तुळिंज : डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा पडू लागला की टाकीतलं कासव खाणं सोडतं, पाय आत ओढून कोपऱ्यात पडून राहतं. ‘शीतनिद्रेत गेलंय, होळीला उठेल’ म्हणत घरातले त्याच्याकडे बघायचं सोडून देतात. इथेच घात होतो.

कासवाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार, तर अंग गार. दुकानातून घरी येणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव (रेड इअर्ड स्लायडर) मूळचं अमेरिकेतलं. तिकडे पाणी १० अंशांखाली जातं तेव्हा ते तळाशी निपचित पडतं. आपल्या किनाऱ्यावर एवढी थंडी कुठे? रात्री पारा १५-१६ वर आला तरी दुपारी ३० च्या आसपास जातो. मग कासव ना धड झोपत, ना धड जागं राहत. खाल्लेलं पचत नाही, अंगातली ताकद घटते आणि न्यूमोनिया होतो. नाकातून फुगे, तोंड उघडून श्वास, सुजलेले डोळे, पोहताना एका बाजूला कलणं, ही झोप नव्हे. थेट जनावरांचा डॉक्टर गाठावा.

पाणी २४ ते २८ अंश राहिलं पाहिजे. त्यासाठी माशांच्या टाकीचा हीटर चालतो. अंग वाळवायला कोरडी जागा आणि ऊन लागतं, पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही.

आपल्याकडचं खरं झोपणारं कासव वेगळंच, आणि ते झोपतं उन्हाळ्यात. पाठीवर मऊ कातडं असलेलं हे गोड्या पाण्यातलं कासव तळी, बावखलं आटली की चिखलात शिरतं आणि पाऊस येईपर्यंत तिथेच पडून राहतं. मे महिन्यात गाळ काढताना जेसीबीच्या बकेटमध्ये असं कासव आलं तर मेलं समजून फेकू नये आणि शुभ म्हणून घरीही नेऊ नये. जवळच्या ओल्या चिखलात ठेवावं किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं. हे कासव आणि पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात पाळल्यास ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते.

दुकानातल्या स्लायडरचा कंटाळा आला म्हणून त्याला बावखलात सोडणंही चुकीचंच. ते गावच्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं.