कोपऱ्यातली कुंती

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका नर्सरीत जूनच्या पहिल्या आठवड्यात गर्दी असते ती गुलाब, जास्वंद आणि क्रोटनच्या रांगांपुढे. मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, न खपलेल्या रोपांचा कोपरा आहे. तिथल्या काळ्या पिशव्या फाटल्या आहेत, मुळ्या पिशवीबाहेर पडून जमिनीत शिरल्या आहेत आणि फांद्या वाटेल तशा सुटल्या आहेत. रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ थेट त्याच कोपऱ्यात जातात. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. उकिडवे बसून ते एकेका पिशवीतली वरची माती बोटाने बाजूला सारतात. पानांकडे त्यांचे लक्षही नसते.

"बेरु नोडबेकु," मूळ बघायला हवे, असे ते नर्सरीवाल्याला कानडीत सांगतात आणि सोबत आलेल्या पुतणीकडे वळतात. "पानं काय गं, महिन्याभरात नवी येतात. बुंधा बदलून मिळत नाही."

एक फायकस त्यांनी उचलून परत ठेवला, कारण त्याची सगळी मुळे एकाच अंगाला होती. एक दुरांता छान हिरवागार होता, पण खोड खालपासून वरपर्यंत काठीसारखे सारख्याच जाडीचे. तिसरी कुंती. कधीतरी कुंपणासाठी वाढवलेली, चार-पाचदा वरून छाटलेली आणि मग विसरलेली. वर नुसते झुडूप, पण माती दोन बोटे खाली सारली तेव्हा बुंधा एकदम रुंदावला आणि तिन्ही-चारी दिशांना मुळे पसरलेली दिसली. दीडशे रुपयांत ती घरी आली.

कुंती, म्हणजे कामिनी, आपल्याकडे इतकी सर्रास दिसते की तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. ती लिंबाच्या कुळातली, कढीपत्त्याची जवळची नातलग. पान चुरडले तर तो वास लगेच ओळखू येतो. पावसाच्या सरीनंतर पांढरी फुले एकदम उमलतात आणि संध्याकाळी सगळी गच्ची दरवळते. चिनी भाषेत तिचे नाव 'जिउलीश्यांग', नऊ ली दूर जाणारा सुगंध. ली हे तिकडचे अंतराचे जुने माप. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात कुंडीतल्या झाडांची लिंगनान नावाची परंपरा आहे आणि कुंती हे तिथले अगदी मानाचे झाड. बोन्साय म्हटले की आपल्याला जपानी पाइन आठवतो, पण बोन्साय या जपानी शब्दामागची कला चीनमधूनच तिकडे गेली. म्हैसूरच्या कोपऱ्यातल्या दीडशे रुपयांच्या झुडपाला हा सगळा वारसा आहे.

बोन्साय बियाण्यापासूनच करायला हवा, अशी समजूत असणारे पुष्कळ भेटतात. करता येतो, पण वेळ फार लागतो. खोड जाड होते ते झाड जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळे वाढत असताना. पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरते, साल आणि लाकूड यांच्यामधला पातळ थर नवे लाकूड घालत जातो आणि घेर वाढतो. एकदा का झाड उथळ ट्रेमध्ये बसवले, की ही वाढ जवळजवळ थांबते. म्हणून जाडी आधी, ट्रे नंतर. नर्सरीत पडून राहिलेल्या झुडपाने ती वर्षे तुमच्या आधीच भरलेली असतात. रानातून, घाटातून जुनी झाडे खणून आणण्याचा मोहही काही हौशी लोकांना होतो. त्यातली बरीचशी जगत नाहीत आणि डोंगर उघडा पडतो. खपत नसलेले झुडूप घेणे त्यापेक्षा कितीतरी चांगले.

गच्चीवर पहिले काम धुण्याचे. बुंध्यावरची माती, शेवाळ, वाळक्या काटक्या जुन्या टूथब्रशने काढल्या जातात. मग कुंती एका फिरत्या पाटावर ठेवली जाते. हा पाट काकांनी जुन्या पंख्याच्या बेअरिंगवर स्वतः बसवलेला आहे. अर्धा तास ते तो फक्त थोडाथोडा फिरवतात.

"काका, कापायचं कधी?"

"आधी तिचं तोंड कुठे आहे ते ठरू दे."

तोंड म्हणजे समोरची बाजू. ज्या अंगाने मुळांचा पसारा सर्वांत रुंद दिसतो, खोडाचा बाक नजरेत भरतो आणि एकही फांदी थेट डोळ्यांवर येत नाही, ती बाजू. पुतणीने खडूने कुंडीवर खूण केली. बुंधा दोन बोटे जाड, आणि या कलेत रूढ असलेला ढोबळ हिशेब असा की झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी. काकांनी अंगठा बुंध्याशी टेकवून हात ताणला. वीतभर. झुडूप त्यांच्या कमरेपर्यंत होते.

म्हणजे तीन चतुर्थांश जाणार. पुतणीचा हात इथे अडखळला आणि ते साहजिकच होते. सिकेटरने पहिल्या गेल्या त्या सरळ वर धावणाऱ्या काड्या, मग एकाच ठिकाणाहून फुटलेल्या तीन-चार फांद्यांतली एक सोडून बाकीच्या. मुळापासून एक तृतीयांश उंचीवर पहिली फांदी डावीकडे राहिली, तिच्या वर एक उजवीकडे, मग एक मागे. मागची फांदी समोरून धड दिसत नाही, पण ती नसेल तर झाड चित्रासारखे सपाट वाटते. शेवटी मुख्य खोड एका बारीक बाजूफांदीच्या वर करवतीने तिरपे कापले. तीच फांदी यापुढे शेंडा. जाड खोडातून बारीक शेंडा निघाला की खालून वर निमुळते होत गेलेले खोड दिसते, आणि झाडाच्या वयाचा भास बव्हंशी त्या निमुळतेपणातून येतो. कापलेली जागा काकांनी धारदार सुरीने किंचित खोलगट केली. कडेची साल पुढे त्या खड्ड्यात शिरून जखम भरते आणि गाठ उठत नाही.

लाकूड फिकट पिवळसर आणि कठीण. हत्यारांच्या मुठींसाठी कुंतीचे लाकूड वापरतात ते त्यामुळेच. म्हणून तिच्या जुन्या फांद्या वाकवायला गेले तर काडकन मोडतात. लिंगनानच्या कारागिरांनी यावर काढलेली वाट फार सुंदर आहे: तार कमी, कात्री जास्त. पान ज्या बगलेत असते तिथे डोळा असतो, आणि डोळ्याचे तोंड जिकडे, तिकडे नवी फांदी. तो डोळा शेवटचा राहील असे कापायचे, फूट वाढू द्यायची, जाड झाली की पुन्हा कापायचे. प्रत्येक कापासरशी फांदी दिशा बदलते आणि काही वर्षांत तिला जुन्या झाडाचे कोन येतात. काकांनी तार घातली ती एकाच कोवळ्या फांदीला. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार, पंचेचाळीस अंशांत, फांदीला टेकून पण न आवळता. फिटरच्या हाताला हे वेढे उपजत आल्यासारखे वाटतात.

पिशवी फाडली तेव्हा आत मुळांची चुंबळच होती, गोल गोल फिरलेली. काकांनी विणायच्या सुईने ती कडेकडेने मोकळी केली, तळाचा तिसरा हिस्सा आणि जाड सोटमूळ कापले, पण बुंध्याजवळचा पांढरा जारवा जसाच्या तसा ठेवला. पाणी शोषतो तो हाच. बरीच वर्षे झाली, एका एप्रिलमध्ये त्यांनी एका लिंबाची छाटणी, तार, मुळे, ट्रे, सगळे एका दिवसात उरकले होते. आठ दिवसांत पाने वाळली आणि फांदीला तशीच चिकटून राहिली. जिवंत झाड नको झालेली पाने स्वतः गाळते. पान सुटण्यासाठी देठाशी लागणारा थर तयार करायलाही जीव लागतो. वाळून चिकटलेली पाने ही वाईट खूण, हे ते पुतणीला फांदी हातात धरून सांगतात. एप्रिलच्या उन्हापेक्षा जूनमधले ढग बरे. म्हैसूरला मे महिन्यातच सरी सुरू होतात, हवा मऊ असते आणि झाडाला सावरायला अवधी मिळतो.

इथली लाल माती पाण्याने चिकट होते. उथळ कुंडीत मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून मिश्रणात वाटाण्याएवढा विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा. गव्हाच्या चाळणीतून बारीक धूळ आधी काढून टाकलेली. जपानमध्ये याच कामाला अकादामा नावाची भाजल्यासारखी दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे वीटभट्टीचा चुरा ते काम चोख करतो. झाड कुंडीला तारेने बांधले. हललेल्या झाडाची नवी मुळे तुटतात.

हे सगळे काका शिकले ते बघून बघून. त्याच नंजनगूड रस्त्यावर अवधूत दत्त पीठ आहे. श्री गणपती सच्चिदानंद स्वामींनी तिथे किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान उभारले. नाव वानरांच्या नगरीचे, म्हणून झाडांमध्ये वानरांच्या मूर्ती. २०१६ च्या डिसेंबरात पीठाने अडीच हजारांहून अधिक वामनवृक्ष एकत्र मांडले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. महाराष्ट्रातून म्हैसूरचा राजवाडा आणि वृंदावन बाग बघायला येणाऱ्यांनी, त्यातही गाणगापूर-नरसोबाची वाडी करणाऱ्या दत्तभक्तांनी, इथे एक सकाळ जरूर काढावी. तिथे वड, पिंपळ, चिंच ही आपली झाडे कमरेएवढ्या उंचीत उभी दिसतात. काका मात्र तिथेही वाकून बुंधेच बघतात.

पुतणीने त्या दिवशी येताना हौसेने एक निळा, चकचकीत, उथळ ट्रे आणला होता. कुंती त्यात गेली नाही. ती गेली प्लॅस्टिकच्या रुंद घमेल्यात, तळाला भोके पाडून, आणि शेडनेटखाली तीन आठवडे. वाफसा बघून पाणी, खत अजिबात नाही. चोविसाव्या दिवशी कापलेल्या खोडाखाली पाच डोळे फुगले. दोन हवे तिथे, तीन नको तिथे. पुतणीने नको असलेल्यांवर नख ठेवले, तसे काका म्हणाले, "राहू दे आत्ता. पानं येऊ देत, मुळांना अन्न लागतंय. श्रावणात खुडू."

घमेल्याच्या कडेला पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने तारीख कोरली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या मुळांच्या कामाचे साल, दोन वर्षांनंतरचे. निळा ट्रे शेजारीच आहे. सध्या त्यात तारांचे तुकडे, सिकेटर आणि ती विणायची सुई असते.