नायट्रॉक्सचं कार्ड: अभ्यास स्क्रीनवर, परीक्षा सिलिंडरपाशी

मालवणला किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्याखाली जाऊन आलेल्या काहीजणांना समुद्र सोडत नाही. पुढे अंदमानात स्वराज द्वीपला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला जाऊन ते ‘ओपन वॉटर’चा कोर्स करतात, लॉगबुकाची पानं भरू लागतात आणि एखाद्या सकाळी डाइव्ह शॉपमध्ये प्रश्न येतो, “साधी हवा देऊ की नायट्रॉक्स?” नायट्रॉक्सला वेगळं कार्ड लागतं. त्या कार्डाची चौकशी केली की कळतं, काही तासांचा ऑनलाइन अभ्यास, शेवटी पर्याय निवडायची परीक्षा, आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्ष डाइव्हची सक्तीसुद्धा नाही. पाण्याखाली श्वास घेण्याशी संबंधित असलेलं प्रमाणपत्र इतकं सहज मिळत असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा का, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे.

माझं उत्तर असं : अभ्यास ऑनलाइन झाला म्हणून कार्ड कमअस्सल ठरत नाही. पण सगळाच्या सगळा कोर्स ऑनलाइन झाला असेल, तुम्ही कुणाही जाणत्या माणसासमोर एकही सिलिंडर तपासला नसेल, तर ते कार्ड कुठल्याही संस्थेचं असो, त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. असं का, हे समजायला नायट्रॉक्समध्ये नेमकं काय बदलतं ते पाहावं लागेल.

हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवलेला असतो. हौशी डायव्हर मुख्यतः 32 आणि 36 टक्क्यांची मिश्रणं वापरतात आणि प्राथमिक कोर्स 40 टक्क्यांपर्यंतच जातो. पाण्याच्या दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो. तो जास्त साठला आणि माणूस घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे होतात. डायव्हर ज्याला ‘बेंड्स’ म्हणतात तो आजार हाच. श्वासातला नायट्रोजन कमी केला की तो साठायलाही जास्त वेळ लागतो. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 30 मीटर खोलीवर साध्या हवेने 20 मिनिटं मिळतात. 32 टक्क्यांच्या मिश्रणाने साधारण अर्धा तास. दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्याला, फोटो काढणाऱ्याला, प्रवाळांची मोजणी करणाऱ्या संशोधकाला ही वाढीव मिनिटं मोलाची असतात.

त्या मिनिटांची किंमत ऑक्सिजन वसूल करतो. समुद्रात दर 10 मीटरला एक बार दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्राणवायूही विषारी होऊ शकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्ये हे दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्या सैनिकांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी धास्तावणारी गोष्ट पुढे आली. ऑक्सिजन सोसण्याची ताकद माणसामाणसांत वेगळी असतेच, पण एकाच माणसातही ती आज एक आणि उद्या दुसरी असते. म्हणजे “मला मागच्या वेळी काही झालं नव्हतं” या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. मर्यादा ओलांडली की नजर आकसणं, कानात आवाज येणं, चेहऱ्याचे स्नायू फुरफुरणं, मळमळ अशी लक्षणं दिसू शकतात. अनेकदा काहीच न दिसता थेट आकडी येते. जमिनीवर आकडी आलेला माणूस बहुधा सावरतो. पाण्याखाली त्याच्या तोंडातून श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटतो आणि तो बुडतो.

म्हणून श्वासातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, 1.4 बारच्या आत ठेवायचा, आणि 1.6 ही शेवटची रेषा समजायची, असा दंडक आहे. त्यावरून कमाल खोली काढायचं गणित शाळेतलं आहे. 1.4 ला ऑक्सिजनच्या अंशाने भागा, आलेल्या आकड्यातून वातावरणाचा एक बार वजा करा, दहाने गुणा. 32 टक्क्यांना उत्तर येतं पावणेचौतीस मीटर, 36 टक्क्यांना जेमतेम 29, आणि 40 टक्क्यांना 25. नायट्रॉक्स घेतलं की जास्त खोल जाता येतं, हा सर्रास आढळणारा समज उफराटा आहे. वेळ वाढतो, खोली कमी होते. नायट्रॉक्समुळे सिलिंडरही जास्त पुरत नाही. फुप्फुसं प्रत्येक श्वासाला तेवढंच घेतात. थकवा कमी येतो असं पुष्कळ डायव्हर मनापासून सांगतात, पण प्रयोगांनी ते ठामपणे सिद्ध केलेलं नाही.

आता चूक कशी होते ते पाहा. सिलिंडरवर 32 लिहिलंय, आत प्रत्यक्षात 38 टक्के आहे, आणि तुम्ही 34 मीटरवर गेलात. तिथे दाब 4.4 बार. 38 टक्क्यांनी ऑक्सिजनचा दाब 1.67 होतो, म्हणजे शेवटच्या रेषेच्याही पलीकडे. उलट बाजूची चूक तितकीच वाईट. आत साधी हवा आहे आणि मनगटावरच्या कॉम्प्युटरला तुम्ही 32 सांगितलंय. 30 मीटरवर वीस मिनिटं उलटून गेली तरी तो तुम्हाला वेळ शिल्लक असल्याचंच दाखवत राहील, आणि तुमच्या शरीरात नायट्रोजन साठत राहील. दोन्ही चुका नाकाला कळत नाहीत, जिभेला कळत नाहीत. गॅसला वास नाही, रंग नाही.

नायट्रॉक्स शिकवणं याच भीतीमुळे एके काळी वादग्रस्त होतं. अमेरिकेच्या नोआ या सरकारी सागरी संस्थेत मॉर्गन वेल्स यांच्या पुढाकाराने ही मिश्रणं शास्त्रीय डायव्हिंगसाठी वापरात आली आणि 1979 च्या नोआच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये त्यांचे तक्ते छापले गेले. नोआमधूनच आलेल्या डिक रुटकोव्स्की यांनी 1985 मध्ये संघटना काढून हौशी डायव्हरना ते शिकवायला सुरुवात केली. बड्या धंदेवाल्यांना ते पसंत नव्हतं. डायव्हिंगच्या मासिकांत त्याला ‘वूडू गॅस’ म्हणण्यापर्यंत मजल गेली. 1991 मध्ये डेमा या अमेरिकी व्यापारी संघटनेने आपल्या प्रदर्शनात नायट्रॉक्सवाल्यांना जागा नाकारली आणि नंतर तो निर्णय फिरवला. 1990 च्या दशकाच्या मध्यावर पॅडीने स्वतःचा कोर्स आणला. 2009 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने नायट्रॉक्स प्रशिक्षणासाठी 11107 क्रमांकाचं वेगळं मानक काढलं. आज हा अनेक संस्थांच्या लोकप्रिय कोर्सपैकी एक आहे.

वर सांगितलेलं सगळं, म्हणजे आंशिक दाब, खोलीची मर्यादा, नायट्रोजनचं गणित, आकडीची लक्षणं, हे वाचून, उदाहरणं सोडवून आणि परीक्षा देऊन शिकण्यासारखंच आहे. त्यासाठी वर्गात बसावंच लागतं असं नाही. उलट शॉपच्या मागच्या खोलीत घाईघाईने उरकलेल्या तासापेक्षा घरी दोन संध्याकाळी सावकाश केलेला ऑनलाइन अभ्यास मला जास्त भरवशाचा वाटतो. पाण्यात तर नायट्रॉक्ससाठी एकही नवं कौशल्य लागत नाही. मास्क तोच, रेग्युलेटर तोच, तरंगणं तेच. ते ओपन वॉटरच्या कोर्समध्ये आलेलं असतं. पॅडी किंवा एसएसआयसारख्या संस्थांनी या कोर्समधल्या डाइव्ह ऐच्छिक ठेवल्या आहेत त्या याच कारणाने, आणि त्यात मला गैर दिसत नाही.

उरतो तो भाग हातांचा आहे. सिलिंडर समोर येतो, गळ्याभोवती हिरवा-पिवळा पट्टा. ऑक्सिजन मोजणारा अ‍ॅनालायझर आधी साध्या हवेत धरून 20.9 वर आणायचा. व्हॉल्व्ह अगदी हलका उघडायचा. जोरात उघडला तर आकडा चुकतो. सेन्सरवरून गॅस वाहू द्यायचा आणि घाई न करता थांबायचं. आकडा आधी भराभर चढतो, मग रेंगाळतो, 31.2, 31.4, 31.3, 31.4, आणि तिथे ठरतो. मग सिलिंडरच्या खांद्यावर टेप चिकटवून मार्करने लिहायचं : 31.4 टक्के, कमाल खोली 34 मीटर, आजची तारीख, आपली आद्याक्षरं. शॉपच्या वहीत नोंद करून सही करायची. मग कॉम्प्युटरमध्ये मिश्रण घालायचं आणि ते बसलंय याची पुन्हा खात्री करायची, कारण काही कॉम्प्युटर ठरावीक वेळाने आपोआप हवेच्या सेटिंगवर परततात. ज्याने तो गॅस श्वासात घ्यायचा त्यानेच हे करायचं. शॉपमधल्या मुलाने तपासलं, बडीने म्हणजे जोडीदार डायव्हरने तपासलं, हे चालत नाही. किमान आपल्या डोळ्यांसमोर तपासलं जाऊन तो आकडा आपण स्वतः वाचला पाहिजे.

यातलं जवळजवळ काहीही स्क्रीनवरून शिकता येत नाही. सेन्सर जुना झाला की तो हवेत कॅलिब्रेट होत नाही, आकडा डळमळत राहतो. तेव्हा “हा नको, दुसरा आणा” असं म्हणायचं धैर्य व्हिडिओ पाहून येत नाही, कुणीतरी ते करताना पाहून येतं. बोट निघायच्या गडबडीत, दहाजण वाट पाहत असताना, आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला म्हणून कमाल खोली नव्याने काढणं हे एकदा तरी इन्स्ट्रक्टरसमोर करून पाहिलेलं असावं लागतं. आपल्याकडे लर्निंग लायसन्सची परीक्षा आता घरी बसून देता येते, पक्क्या लायसन्ससाठी मात्र गाडी चालवून दाखवावी लागते. नायट्रॉक्सचीही विभागणी तशीच असायला हवी, आणि नावाजलेल्या संस्थांच्या नियमांत ती तशीच आहे. थिअरी ऑनलाइन, पण गॅस तपासणी इन्स्ट्रक्टरसमोर.

अडचण येते ती नियम आणि व्यवहार यांच्यातल्या फटीत. हे कार्ड सहसा कुठलं सरकार देत नाही. देतात त्या खासगी संस्था. त्यांच्या वतीने प्रत्यक्ष शिकवतो तो एक इन्स्ट्रक्टर, एक शॉप. संस्थेचं नाव मोठं असलं तरी त्या दिवशी त्या इन्स्ट्रक्टरने अ‍ॅनालायझर पेटीबाहेर काढला का, हे कार्डावर छापलेलं नसतं. परीक्षा पास झाल्याचा ईमेल आला आणि तपासणीचा भाग ‘नंतर बघू’ म्हणून राहिला, तरी कार्ड येऊ शकतं. आणि जिथे प्रत्यक्ष कुणाला भेटायची अटच नाही, पैसे भरा, प्रश्न सोडवा, कार्ड घ्या असा सरळ सौदा आहे, तिथे तर फट नाही, दार उघडं आहे. अशा कार्डाला मी प्रमाणपत्र म्हणणार नाही. ती पावती आहे.

चांगली शॉप्स हे जाणतात. कार्डाचा क्रमांक संस्थेकडे तपासायची सोय आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन आहे, डिजिटल कार्डामुळे ते मिनिटाचं काम झालंय. तरीही जबाबदार शॉप तुमच्या हातात अ‍ॅनालायझर देतं आणि बाजूला उभं राहून पाहतं. ज्याला तो कसा धरायचा हे माहीत नाही, त्याचं कार्ड कितीही खरं असलं तरी त्याला हवा भरलेला सिलिंडर मिळावा. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

शिवाय हे कार्ड तुम्हाला हवंच आहे का, याचाही विचार करा. मालवणच्या किल्ल्याजवळच्या आठ-दहा मीटरच्या डाइव्हला नायट्रॉक्सचा काहीच उपयोग नाही. तिथे हवेनेच भरपूर वेळ मिळतो. उपयोग आहे तो अंदमानातल्या डिक्सन्स पिनॅकलसारख्या ठिकाणी, जिथे खडकांचे माथे साधारण 18 मीटरवर आणि पायथा तिशीच्या पलीकडे आहे. किंवा उद्या विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकवर अभ्यासासाठी जायला मिळालं तर तिथे. त्या बुडालेल्या पठाराचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टरला सरळ विचारा : मी स्वतः किती सिलिंडर तपासणार, कुठल्या अ‍ॅनालायझरवर, आणि तेव्हा तुम्ही तिथे असाल का? गोलमोल उत्तर आलं तर दुसरं शॉप शोधा. आणि ज्यांच्याकडे कार्ड आधीच आहे पण हाताने तपासणी कधीच केलेली नाही, त्यांनी पुढच्या सहलीत पहिल्या डाइव्हआधी अर्धा तास मागून घ्यावा. कुठलाही चांगला इन्स्ट्रक्टर तो आनंदाने देईल.